हाली, कलदार आणि विलायतेची वाट



गेल्या उन्हाळ्यात पिंपरीहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, जायच्या आधी मला उदगीर बघायचंय. नुसतं आजीला भेटायचं नाही, नीट फिरून बघायचंय." पोरगी अर्थशास्त्र शिकली. मागासवर्गीय मुलामुलींना परदेशी शिकायला महाराष्ट्र शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने जी शिष्यवृत्ती देते, ती तिला मिळाली आणि लंडनच्या एका विद्यापीठाचे पत्रही आले. तिचे वडील एका कारखान्यात कंत्राटी कामगार, आई म्हणजे माझी धाकटी बहीण चार घरी पोळ्या लाटते. अशा घरातली मुलगी विलायतेला निघाली म्हटल्यावर कोणाची छाती फुगणार नाही?

पण घरात आनंद कमी आणि वाद जास्त होता. त्याच महिन्यात पोरीला एक स्थळ चालून आले होते. मुलगा नोकरीला, माणसे चांगली, हुंड्याची भाषा नाही. बहिणीचे म्हणणे, असे स्थळ पुन्हा येत नाही. एवढ्या लांब एकटी पोर, परक्या मुलुखात, तिचे दुखलेखुपले कोण बघणार? तिने सारा भार आमच्या मायवर टाकला. माय नव्वदीला आली आहे. डोळे अधू झाले, कान मात्र तिखट आहेत. मायने फोनवर एवढेच सांगितले, "लेकराला इकडं घेऊन या. मामानं तिला गाव दाखवावं, मग माझ्याकडं आणावं. मी इचारते तिला."

त्या दोन दिवसांच्या फेरीची ही हकीकत आहे.

स्टेशन

आमचे उदगीर हे लातूर आणि बीदर यांच्या मध्ये, कर्नाटकाच्या उंबऱ्यावर वसलेले तालुक्याचे शहर. तूर, हरभरा, सोयाबीनची मोठी बाजारपेठ. निजामाच्या काळात ते बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. म्हणून आमच्या बोलीत मराठीबरोबर उर्दू आणि कानडीही नांदते.

भाची सकाळच्या गाडीने उतरली. मी तिला स्टेशनाच्या बाकावरच बसवले. माझी सारी नोकरी रेल्वेत गेली, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात खलाशी म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे माझे बोलणे रुळावरूनच सुरू होते. ती म्हणाली, "मामा, ही रेल्वे इंग्रजांनी आणली ना?"

म्हटले, इथे थोडे थांब. आपला भाग इंग्रजांच्या थेट राज्यात कधी नव्हताच. इथे निजामाचे राज्य. पण हैदराबादला इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला असे आणि त्याच्या मर्जीबाहेर फारसे काही होत नसे. रेल्वेचेही तसेच. १८८३ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली, भांडवल तिथल्या भागीदारांचे, आणि त्यांच्या व्याजाची हमी घेतली निजाम सरकारने. तोटा आला तर तो भरायचा कोणी? इथल्या रयतेने. १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे विकत घेतली. त्याच सुमारास विकाराबादहून बीदरपर्यंत लाईन आली आणि पुढच्या एकदोन वर्षांत ती उदगीरवरून परळीला गेली. इंग्रज साहेब आपल्याला क्वचित दिसला. पण त्याचे काम आपल्या खिशातून चालत होते.

"म्हणजे लुटलंच की," ती म्हणाली.

म्हटले, एवढ्या लवकर निकाल देऊ नकोस. लातूरहून कुर्डुवाडीला जाणारी आपली बार्शी लाईट रेल्वे आठव. अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती बांधली. १८९७ मध्ये बार्शीला पहिली गाडी धावली, १९११ मध्ये ती लातूरला पोचली. कमी वजनाच्या रुळांवर जास्त माल कसा ओढायचा, हे त्याने आपल्या काळ्या मातीवर करून पाहिले. तो अनुभव घेऊन त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात तशीच छोटी लाईन उभी केली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. ती तीस वर्षांत बंद पडली. आपली शंभरी ओलांडून चालली आणि २००७-०८ मध्ये मोठ्या रुळात बदलली. आता सांग, कोणी कोणाला शिकवले? वर्कशॉपात इंजिनांवरची विलायती कारखान्यांची पितळी नावे मी फडक्याने पुसली आहेत. इंजिन त्यांचे होते, पण ते दुरुस्त करून चालते ठेवणारे हात आपले होते. हेही हिशेबात धरावे लागते.

पोरीने वही काढली आणि काहीतरी टिपून घेतले.

किल्ला

तिथून आम्ही किल्ल्यावर गेलो. चहूबाजूंनी खोल खंदक, काळ्या दगडाचे बुरूज, आत पडके महाल, फारसी शिलालेख. उदागीर बाबांचे स्थानही किल्ल्यातच आहे आणि त्यांच्यावरूनच गावाला नाव पडले असे सांगतात. बहामनी, बरीदशाही, मोगल, निजाम अशा अनेक सत्ता या बुरुजांनी पाहिल्या. एवढा खंदक खणणाऱ्यांची आणि दगड वाहणाऱ्यांची नावे मात्र मला कुठे कोरलेली दिसली नाहीत.

शाळेच्या पुस्तकात उदगीरचे नाव येते ते १७६० च्या लढाईमुळे. सदाशिवरावभाऊ पेशव्याने त्या वर्षी फेब्रुवारीत इथे निजामाला हरवले आणि साठ लाखांचा मुलुख मिळवला. या लढाईत निकाल लावला तो इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने. हा इब्राहिमखान पूर्वी निजामाकडे बुसी या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली कवायत शिकलेला. म्हणजे युरोपची विद्या उदगीरला पहिल्यांदा पोचली ती तोफेच्या तोंडून, आणि ती चालवणारा माणूस इथलाच होता. पुढे अकरा महिन्यांत पानिपत झाले. तिथे हाच इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला.

भाचीने विचारले, "मग इंग्रज कुठून आले?"

म्हटले, असेच, भांडणाच्या फटीतून. १७९५ साली खर्ड्याला निजाम पुन्हा हरला. तीन वर्षांनी, १७९८ मध्ये, त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला, आपली फ्रेंच पलटण मोडली आणि इंग्रजांची फौज आपल्या खर्चाने पदरी ठेवली. राज्य निजामाचे राहिले, कणा इंग्रजांचा झाला. १८२० साली उदगीर भागातल्या देशमुखांनी बंड केले, तेही इंग्रज अधिकाऱ्याच्या फौजेने मोडले. त्या फौजेच्या खर्चाचे कर्ज फुगत गेले आणि १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. बघ, सावकारी खेड्यातली असो की साम्राज्याची, खतावणीची रीत एकच.

बुरुजावर वारा चांगला होता. आम्ही भाकरी सोडली. मग पोरीने मनातला खरा प्रश्न काढला. "मामा, वस्तीत दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, इंग्रज आले म्हणून आपण माणसात आलो. दुसरे म्हणतात, इंग्रजांनी देश धुऊन नेला, त्यांचं कौतुक करणारे गुलाम. मी तिकडं जाऊन कोणतं खरं धरू?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो. मी तिला माझ्या परीने सांगितले ते असे.

पहिल्या माणसाचे खरे आहे. इंग्रजी मुलुखात पलटणीचे दार उघडले आणि महारांनी ते ओलांडले. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला इंग्रजांच्या बाजूने लढून पडलेल्यांत आपली माणसे होती. तिथल्या स्तंभावर 'नाक' शेवटी असलेली बावीस नावे कोरली आहेत. पलटणीत पगार मिळे आणि मुलांना शाळा मिळे. त्याच पलटणीतल्या सुभेदार रामजींच्या घरी, महूच्या छावणीत, १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्माला आले. आपल्या निजामी मुलुखात हे दार तेवढेही उघडले नाही. इथे पाटलाची, देशमुखाची वेठ आणि वर सरकारी वेठ.

पण दुसऱ्या माणसाचेही खरे आहे. गरज होती तोवर ज्यांनी आपल्या खांद्यावर बंदूक ठेवली, त्याच इंग्रज सरकारने १८९२ साली महारांची भरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाची नवी वर्णव्यवस्था त्यांनी कागदावर मांडली आणि त्यात आपल्याला जागा ठेवली नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेला अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपताच मोडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, महार रेजिमेंट उभी राहिली ती टिकली. म्हणजे दार साहेबाच्या सोयीने उघडे, साहेबाच्या सोयीने लागे.

आणि बाबासाहेब काय म्हणाले? १९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. समोर इंग्रज प्रधानमंत्री, संस्थानिक, मोठमोठे पुढारी. तिथे उभे राहून त्यांनी साहेबाच्या तोंडावर जाब विचारला. इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला विहीर बंद होती, आज खुली आहे का? देऊळ बंद होते, आज खुले आहे का? पोलिसात, पलटणीत आम्हाला घेता का? दीडशे वर्षांत तुम्ही आमचे कोणते दुःख दूर केले? आणि म्हणूनच राज्य लोकांचे, लोकांनी चालवलेले हवे, अशी मागणी त्यांनी केली. लंडनमध्ये शिकलेल्या माणसाने लंडनमध्येच उभे राहून हे सांगितले. शिकल्याचे ओझे मानून ते गप्प बसले नाहीत, आणि रागापायी त्यांनी तिथल्या ग्रंथालयाकडे पाठही फिरवली नाही.

पोरगी बराच वेळ खंदकाकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे दोन्ही बाजू मांडायच्या. जमा आणि खर्च."

विहार

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विश्वशांती बुद्ध विहारात गेलो. उदगीरच्या बौद्ध बांधवांचा हा अभिमान आहे. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आदिवासी घरात जन्मलेली स्त्री राष्ट्रपती म्हणून आमच्या गावी विहाराचे दार उघडते, हे पाहायला आमच्या बापजाद्यांची पिढी उरली नाही याची चुटपुट लागते. पांढरा घुमट, शांत सभागृह, समोर तथागतांची मूर्ती. कलबुर्गीचा विहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची आठवण येते.

वंदना झाल्यावर पायरीवर बसून मी भाचीला आजच्या काळातल्या नात्याची गोष्ट सांगितली. डेनिस लिंगवुड नावाचा लंडनचा एक तरुण दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी फौजेतून १९४४ मध्ये भारतात आला. युद्ध संपले तरी तो इथेच राहिला. चीवर घेतले आणि संघरक्षित झाला. बाबासाहेबांशी त्यांची भेट झाली, पत्रव्यवहार झाला. ६ डिसेंबर १९५६ ला ते नागपुरात उतरले आणि त्याच दिवशी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी आली. हजारो माणसे रडत होती. त्या रात्री शोकसभेत ते बोलले आणि पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांतून हिंडून सांगत राहिले की बाबासाहेबांनी दिलेला धम्म त्यांच्याबरोबर गेलेला नाही. ज्या फौजेने आपल्याला दार लावले होते, त्याच फौजेतून आलेला माणूस आपल्या दुःखात आपल्यात बसला.

पुढे १९६७ मध्ये त्यांनी लंडनला संघ स्थापला. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये भारतात आले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची नागपूरची गर्दी पाहून ते इथेच राहिले आणि पुण्याला त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम उभे राहिले. त्या कामासाठी इंग्लंडातले तरुण घरोघर फिरून वर्गणी गोळा करत आणि त्या पैशातून महाराष्ट्रात आपल्या मुलामुलींची वसतिगृहे, बालवाड्या चालत. दार वाजवून पैसा मागणारा इंग्रज आणि त्यावर शिकणारे झोपडपट्टीतले पोर, असे नाते साम्राज्याच्या काळात कोणी कल्पिले असते का? खरे तेवढे सांगायचे म्हणून हेही सांगतो. संघरक्षितांच्या खासगी वागण्याबद्दल पुढे त्यांच्याच इंग्लंडमधल्या संघातून गंभीर तक्रारी आल्या आणि २०१६ मध्ये त्यांनी क्षमा मागितली. २०१८ मध्ये ते वारले. बुद्धाच्या शिकवणीत माणूस तपासून घ्यायचा असतो, मग तो गोरा असो की आपला.

"आणि तिकडं आपली माणसं आहेत का?" पोरीने विचारले.

आहेत. पंजाबातून कामासाठी गेलेले कितीतरी आंबेडकरी कामगार बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, बेडफर्ड भागात स्थायिक झाले. फौंड्रीत, कारखान्यात राबून त्यांनी तिथे विहार उभे केले. लंडनला दहा, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर विकायला निघाले तेव्हा याच बांधवांच्या संघटनेने आवाज दिला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घेतले आणि त्या वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथे स्मारकाचे उद्घाटन झाले. शेजारच्या काही जणांची हरकत होती. २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनेच तिथे संग्रहालयाला परवानगी दिली.

पण पोरी, विमानात जातही बसून जाते हे ध्यानात ठेव. इंग्लंडच्या २०१० च्या समानता कायद्यात जातीचा भेद समाविष्ट करण्याची तरतूद होती. २०१३ मध्ये संसदेने ती सरकारवर बंधनकारक केली. मग भारतीयांतल्याच काही संघटनांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, बिहारमधून घरकामाला नेलेल्या एका बाईला तिथल्या न्यायाधिकरणाने मालकांकडून एक लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक भरपाई देवविली. तिला हलक्या जातीची म्हणून राबवले होते. मालक इंग्रज नव्हते, आपल्याच देशातले होते. तेव्हा तिकडे गेल्यावर कोण आपला आणि कोण परका, हे कातडीवरून ठरवू नकोस.

मायचा प्रश्न

संध्याकाळी आम्ही घरी आलो. बहीणही पिंपरीहून येऊन पोचली होती. माय अंगणात बाजेवर बसली होती. भाचीला जवळ बसवून तिने कमरेची पिशवी सोडली आणि एक रुपया काढून तिच्या हातावर ठेवला. पंचम जॉर्ज बादशहाचा छाप असलेला, चांदीचा, झिजून गुळगुळीत झालेला.

"हा कलदार हाय," माय म्हणाली. "माझ्या बापाचा."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. निजामाच्या राज्यात दोन नाणी चालत. निजामाचा तो हाली सिक्का, इंग्रजांचा तो कलदार. कलदार वजनदार. शंभर कलदाराला सरकारी भावाने एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मिळत. हा भाव मायला आजही पाढ्यासारखा तोंडपाठ आहे. तो का पाठ आहे, ते तिने त्या दिवशी सांगितले. मीही पहिल्यांदाच ऐकले.

माझे आजोबा, म्हणजे मायचे वडील, एका सावकाराचे हालीत कर्ज घेऊन बसले होते. ते फेडायला ते चालत लातूरला गेले, तिथून बार्शीच्या लहान गाडीने कुर्डुवाडी आणि पुढे सोलापूर. सोलापूर इंग्रजी मुलुख. तिथल्या गिरणीत एक हंगाम राबून, पोट मारून त्यांनी एकतीस कलदार साठवले. गावी येऊन तीस कलदार सावकाराच्या हातावर ठेवले आणि एक घरी ठेवून घेतला. सावकाराने वही उघडली आणि तीस रुपये जमा मांडले. आजोबांनी अंगठा दिला.

माय थांबली आणि भाचीकडे वळली. "आता तू सांग लेकरा. मोठ्या मोठ्या परीक्षा दिल्यास म्हनं. तीस कलदाराचे हाली किती?"

पोरीने ना फोन काढला, ना वही. "आजी, शंभराला एकशे सोळा, दहा आणे, आठ पै ना? म्हणजे सहाला सात. तीसला पस्तीस."

मग तिचा आवाजच बदलला. "आजी, त्यानं पाच रुपये बुडवले!"

"पाच रुपये," माय म्हणाली. "तेवढेच ऱ्हायले व्हते फिटायचे. त्या पाचावर याज चढलं, अन् माझ्या बापानं त्याच्या वाड्यावर आनिक एक साल घातलं. म्या लहान व्हते. बाप रातीला घरी येत नव्हता. पुढं कुनी शिकल्यालं मानूस भेटलं, त्यानं भाव सांगितला. तवापासून बाप आमाला रोज म्हनायला लावायचा, शंभराला एकशे सोळा, दहा आणे, आठ पै. इस्कूल नव्हती, ह्योच आमचा पाढा."

अंगणात कोणी बोलेना. भाची पदवीची पोर, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आले. मग ती हळूच म्हणाली, "आजी, बाबासाहेबांनी लंडनला जो मोठा प्रबंध लिहिला, तो याच्यावरच होता. रुपयाच्या भावावर."

वाचकहो, खरोखरच तसे आहे. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परत आले. पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० मध्ये पुन्हा गेले. उपाशीपोटी अभ्यास करून १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. रुपयाचा प्रश्न हा त्यांचा विषय. नाण्याचा भाव सरकारच्या हाती मोकळा सुटला तर महागाई वाढते आणि मजुरी तेवढी वाढत नाही, म्हणून मार मजुराला बसतो, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. इंग्रज सरकारच्या चलनाच्या धोरणावर त्यांनी इतकी धार धरली की परीक्षकांना ते झोंबले, असे चरित्रकार सांगतात. तरीही तो प्रबंध लंडनमध्येच ग्रंथरूपाने छापला गेला आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचेच इंग्रज प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, मतभेद राखून. पुढे इंग्रज सरकारच्या चलन आयोगासमोर बाबासाहेबांनी साक्षही दिली.

माझ्या आजोबांनी बाबासाहेबांचा प्रबंध कधी पाहिला नाही. ते अंगठाबहाद्दर. पण सोलापुरात पिळवटलेला तो मजूर आणि लंडनच्या ग्रंथालयात भाकरीचा तुकडा खाऊन वाचणारा तो विद्यार्थी एकाच प्रश्नाला भिडले होते. एकाला हिशेब येत नव्हता म्हणून त्याचे एक साल गेले. दुसऱ्याला हिशेब येत होता म्हणून त्याने साम्राज्याची वही तपासली.

बहिणीने पदराने डोळे पुसले आणि मायला विचारले, "माय, मग स्थळाचं काय सांगू?"

माय म्हणाली, "चांगली मानसं असतील तर थांबतील. न्हाई थांबली तर चांगली नव्हती. लेकराला जाऊ दे." मग भाचीची मूठ रुपयावर मिटवत म्हणाली, "ह्यो घेऊन जा. त्येंच्या बादशाचं डोस्कं हाय ह्याच्यावर. पर कमावला माझ्या बापानं. तितं कुनी इचारलं, तुमी आमचं काय लागता, तर ह्यो दाखव अन् हिशेब सांग."

सप्टेंबरात पोरगी गेली. पहिल्या रविवारी ती बाबासाहेबांच्या घरासमोर उभी राहिली आणि तिथल्या निळ्या पाटीचा फोटो तिने आम्हाला पाठवला. फोटोच्या कोपऱ्यात तिची बोटे दिसतात आणि बोटांत तो कलदार आहे. स्थळवाली माणसे थांबली आहेत की नाही ते अजून ठरायचे आहे. बहीण आता त्याची काळजी करत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा जुना रुपया, पलटणीचा बिल्ला, गिरणीचा पास, रेल्वेचा दाखला ट्रंकेत पडून असेल. तो बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांना त्याची गोष्ट विचारा आणि मुलांना ती आकड्यांसकट लिहून ठेवायला लावा. इंग्रजांशी आपले नाते काय, हे त्या गोष्टींतूनच कळेल. त्यात देणे निघेल, येणेही निघेल. दोन्ही नीट मांडता येण्याएवढे आपले लेकरू शिकले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!